मिक्सरवाल्या सरांना, वहीच्या त्या पानासाठी

सर, नमस्कार.

तुमचं नाव इथं टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. फोनवर थँक्यू म्हणाले होते पण तेव्हा मागं जनरेटरचा आवाज होता आणि मला रडू येत होतं, त्यामुळे नीट काही बोलताच आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या मेकॅनिकलचं ॲन्युअल डिनर होतं इथं सोलापुरात. कार्डवर बँक्वेट छापलेलं, प्रत्यक्षात मेसच्या मागच्या ग्राउंडवर मंडप आणि भाड्याच्या खुर्च्या. मी असोसिएशनची सेक्रेटरी. पाहुणे दोन महिन्यांपूर्वी ठरलेले, एक फार मोठे साहेब, इनोव्हेशनवर बोलणारे. त्यांच्या ऑफिसकडून आदल्या दिवशी दुपारी एका ओळीचा मेसेज आला, जमणार नाही म्हणून. सॉरीसुद्धा नाही, वर फ्लेक्सवरचा फोटो काढून टाका ही सूचना. आणि मग आमच्याकडच्यांनी जे सुनावलं ते वेगळंच, मुलींना जबाबदारी दिली की असं होतं म्हणे. मेसेज मुलीने पाठवला होता का? असो.

तुमचा नंबर एका सीनियरनं दिला. रात्री साडेनऊला फोन केला तर तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या, मुलं किती आहेत आणि जेवण कोण बनवतंय. दुसरा प्रश्न मला तेव्हा कळलाच नाही. मानधनाचा विषय मीच काढला तर म्हणालात की ते राहू दे, येताना एसटीत खिडकी मिळाली तर बघू. पुण्यापासून अडीचशे किलोमीटर, या वयात, एका अनोळखी पोरीच्या फोनवर.

भाषण भारी झालं हे सगळेच सांगतायत. सुमीत मिक्सरची गोष्ट तर पोरं अजून एकमेकांना ऐकवतायत, की सिमेन्समधल्या माथुरांच्या घरचा ब्राऊन या जर्मन कंपनीचा मिक्सर बंद पडला, इथं दुरुस्त होईना, तो आपल्या वाटणासाठी बनलेलाच नव्हता, तर या माणसानं स्वतः दणकट मोटर बनवायला घेतली आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. आणि तो कपलर, मोटर आणि जार जोडणारा तुकडा! खिशातून काढून दाखवलात, तळहाताएवढाही नाही, दाते झिजलेले. आमच्या घरी हा तुटला की आई कंपनीला शिव्या घालते. तुम्ही म्हणालात की जार अडकला की आधी हा स्वस्तातला तुकडा तुटावा आणि महागाची मोटर वाचावी म्हणूनच तो मऊ ठेवतात, तो तुटला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. तीन वर्षं मशीन डिझाइन शिकतोय आम्ही, फेल होण्यासाठी पार्ट डिझाइन करतात हे पेपरात लिहिलंय पण हातात घेऊन पहिल्यांदाच बघितलं.

पण मला लिहायचंय ते भाषणाच्या आधीचं.

तुम्ही संध्याकाळी पाचला आलात, आमचे सर लोक तुम्हाला केबिनमध्ये चहाला नेत होते, तुम्ही सरळ मेसच्या मागं गेलात. मी टॉर्च घेऊन मागं मागं, कारण तिकडचा बल्ब गेलेला. मावशी उखळात शेंगाचटणी कुटत होत्या. तुम्ही खाली पाटावर बसलात, पांढऱ्या पँटवर, आणि विचारलंत, मावशी, शेजारी मिक्सर आहे की, मग कुटताय कशाला? मला वाटलं आता लेक्चर. तर मावशी म्हणाल्या, "थोडं फिरवलं की पीठ होतंय, जास्त फिरवलं की लगदा. मधलं काय येतच नाही बघा त्यात." तुम्ही चिमूटभर चटणी बोटांत चोळून बघितलीत, बोटाला तेल लागलेलं टॉर्चमध्ये दाखवलंत मला आणि म्हणालात, पातं कापतं, मुसळ दाबतं, फरक हा आहे. मग छोटी वही काढून मावशींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत, होतंय ला होतंयच. आणि विचारलंत, मावशी, नाव काय तुमचं?

सर, मी तीन वर्षं त्यांच्या हातचं खातेय. मला नाव माहीत नव्हतं. आमच्यातल्या कुणालाच नाही, मी नंतर विचारत फिरले सगळ्यांना.

तुम्ही नाव आडनावासकट लिहिलंत, खाली तारीख टाकलीत आणि वही त्यांच्यापुढं धरून म्हणालात, बरोबर लिहिलंय का बघा. मावशींनी हात पदराला पुसले, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, आडनावात एक काना राहिला. तुम्ही तो दिलात. टॉर्च धरलेला माझा हात हलत होता त्याचं कारण थंडी नव्हती.

मागच्या वर्षीचे पाहुणे आले, कस्टमर इज किंग म्हणाले, फोटो काढले आणि ताटाला हात न लावता गेले. तुम्ही शेवटच्या पंगतीला मावशींबरोबर जेवलात. चांगुलपणा म्हणजे काय खूप मोठं करायचं असतं असं वाटायचं मला. राहिलेला काना देणं हे पण असतं बहुतेक. आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसवाली मावशी म्हणून सेव्ह असलेला नंबर दुसऱ्या दिवशी सात-आठ जणांनी नाव घालून सेव्ह केला, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.

बाकी एक काम आहे. मावशींनी तुमच्यासाठी अर्धा किलो चटणी कुटून ठेवलीये, उखळातलीच. कुरियरवाला घेत नाही, तेल गळतं म्हणतो. शुक्रवारी माझा भाऊ पुण्याला येतोय, स्वारगेटला उतरेल, त्याच्याकडं डबा देते. डबा मात्र परत पाठवा सर, मावशींचा आहे, झाकणावर नाव घातलंय.

तुमची,
टॉर्चवाली