तिसऱ्या मळ्याचं नाव

बेळगाव, ९ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मिरग लागला. काल उद्यमबागेतून सुटलो आणि पहिला पाऊस अंगावर घेतच घरी आलो. पूर्वी या पावसाने जीव सुखावायचा. २०१९ पासून मात्र पहिल्या सरीबरोबर तुझा तो फोन आठवतो. "आई मळ्यात अडकलीय, कुणाला तरी सांग." यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद. तू पुण्यात, मी बेळगावात, आणि मावशी मधल्या पाण्यात.

बोट घेऊन आलेली मंडळी बाहेरगावची होती. चांगली माणसं, जिवावर उदार होऊन आलेली. त्यांच्यातल्या एकाला मी फोनवरून वाट सांगत होतो. गावाच्या खालच्या अंगाला पाणंद लागेल, पिंपळापाशी डावीकडे वळा, की मावशीचा मळा. तो म्हणाला, "दादा, पाणंद कुठली ओळखायची? सगळीकडे पाणीच आहे. मोबाइलवर गावाचा एक ठिपका दिसतोय, पुढे सगळं कोरं." मग फोन कट झाला. त्या रात्री ते दुसऱ्याच मळ्यावर जाऊन परत फिरले. मावशीने म्हशींची दावी आधीच सोडून त्यांना माळाकडे हुसकलं होतं म्हणून त्या वाचल्या. ती स्वतः शेजाऱ्यांच्या स्लॅबवर रात्रभर पावसात बसून राहिली. हे सगळं तुला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये रोज रात्री जेवण झालं की मी लॅपटॉप उघडून मोझांबिकमधली घरं नकाशावर काढत होतो.

१४ मार्चच्या रात्री तिथल्या बेइरा शहराजवळ इदाई नावाचं चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याने केलं त्याहून जास्त नुकसान पाण्याने केलं. पुंग्वे आणि बुझी या दोन नद्या फुगल्या आणि मधला सपाट मुलूख समुद्रासारखा दिसू लागला. माणसं झाडांवर आणि छपरांवर अडकून होती. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी मिळून हजारावर माणसं गेली. तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या ओपनस्ट्रीटमॅपवर तिथला नकाशा भरायला घेतला. हा कुणालाही भरता येणारा, कुणालाही फुकट वापरता येणारा नकाशा, २००४ पासून चालू आहे. संकटाच्या वेळी तो असा भरायची रीत २०१० च्या हैतीच्या भूकंपापासून रुळली.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण तुला ते करायला लावणार आहे. टास्किंग मॅनेजर नावाची एक साइट असते. मोठ्या मुलखाचे चौकोन पाडलेले असतात. आपण एक चौकोन घ्यायचा. तो आपल्याकडे असेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. उपग्रहाचा फोटो समोर ठेवून त्यातलं घर न् घर, वाट न् वाट काढायची. झालं की दुसरा कुणी अनुभवी माणूस ते तपासतो. तिकडच्या खेड्यात गोल झोपड्या फार. चार-पाच टिंबं देऊन कीबोर्डवरचं ओ (O) दाबलं की गोल होतो. चौकोनी घराला क्यू (Q) दाबलं की कोपरे काटकोनात येतात. दिवसभर वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करणारा मी, हात लगेच बसला. तरी माझा पहिला चौकोन परत आला. मी झाडाच्या सावल्या आणि गवताच्या गंज्यासुद्धा घरं म्हणून काढल्या होत्या. तपासणाऱ्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या: सावली कुठल्या बाजूला पडते ते आधी बघ, आणि छपराची नाही, पायाची रेघ काढ. मग दारातलं झाडून काढलेलं अंगण, त्याकडे येणारी पायवाट, हे बघून घर ओळखायला शिकलो. आपल्याकडच्या मळ्यातलं खळं वरून अगदी तसंच दिसतं रे.

त्यातली एक गोष्ट मनाला फार लागायची. ज्यावरून आपण घरं काढतो तो फोटो वादळाच्या आधीचा असतो, ढग नसलेला. म्हणजे मी ज्या झोपडीभोवती गोल काढतोय ती त्या क्षणी उभी आहे की वाहून गेली, ते मला कळत नव्हतं. पण कुठे किती छपरं होती हे कळल्याशिवाय किती माणसं शोधायची, किती ताडपत्र्या न्यायच्या, हे तिथे गेलेल्याला कसं कळणार? मार्चच्या अखेरीस बेइराकडे पटकीची साथ आली आणि एप्रिलमध्ये सुमारे ९ लाख लसी द्यायच्या ठरल्या. अशा कामाला घरं मोजलेली लागतात.

आणि पाच महिन्यांनी तुझा फोन आला. माणसाने बुझीकाठच्या झोपड्या एकेक करून काढाव्यात आणि आपल्या मित्राच्या आईचा मळा नकाशावर नसावा, याने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. तिकडचं केलं ते चुकलं असं मी म्हणत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण नकाशा पूर यायच्या आधी लागतो. काळम्मावाडी धरणाचं पाणी सुटल्यावर कुणाला चौकोन भरायला सवड आहे?

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी वेदगंगा-दूधगंगेच्या काठाने हिंडतो. कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अकोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी हे खालचे पूल दरवर्षी पाण्याखाली जातात, हे आपल्याला पाठ असतं; बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला कोण सांगणार? तेही नकाशात लिहिता येतं. फोनवर ट्रॅक चालू ठेवून पाणंदी चालतो. उंचावरच्या शाळा, देवळं, जनावरं नेतात ते माळ टाकतो. ऑस्मअँड नावाच्या फोनवरच्या नकाशा-ॲपमध्ये हे सगळं आधी उतरवून ठेवलं की नेटवर्क नसलं तरी दिसतं, आणि पुरात आधी जातं ते नेटवर्कच. मळ्याचं, वस्तीचं नाव टाकतो, घरमालकाचं नाही.

नावाचं एक सांगतो. पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून आपल्या भागात काय काय झालं ते आपण लहानपणापासून बघतोय. या नकाशात एका गावाला मराठी नाव वेगळ्या रकान्यात आणि कानडी नाव वेगळ्या रकान्यात भरता येतं. मी दोन्ही भरतो. बोट चालवणारा हुबळीकडचा असला तर त्याला कानडी नाव दिसावं, कागलकडचा असला तर मराठी. अडकलेल्या माणसाला तो कुठूनही आलेला चालतो. कानडी लिहिताना माझी चूक होते, म्हणून शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतो.

आता तुझ्याकडे काम. फोटोत घर दिसतं, नाव दिसत नाही. ते गावच्या माणसाशिवाय कुणी सांगू शकत नाही. गेल्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. लॅपटॉप उंबऱ्यावर ठेवला आणि वरून तिचं घर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग गोठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा पत्रा नवा घातलाय, ह्यात जुना हाय." मग एकेक मळ्याचं नाव सांगत गेली. ओढ्याला काय म्हणतात, जुनी विहीर कुठे, पाणी आधी कुठल्या बांधावरून आत शिरतं, सगळं. वहीची पानंच्या पानं भरली. तेवढ्यात धारा काढायची वेळ झाली आणि ती उठली. पिंपळापलीकडचा, त्या दोन भावांच्या वाटणीतला तिसरा मळा तसाच राहिला. तुम्ही त्याला एक म्हणता, पलीकडचे लोक दुसरंच काहीतरी म्हणतात, एवढं मला आठवतं.

येत्या रविवारी तिला फोन करशील तेव्हा दोन्ही नावं विचारून मला कळव. आणि पिंपळापासून त्या मळ्याकडे जाणारी वाट ओढ्याच्या अलीकडून आहे की पलीकडून, तेही विचार. झाडीमुळे फोटोत दिसत नाही. पाणी चढायच्या आत तो चौकोन मला पुरा करायचाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
उद्यमबागेतला मित्र