लायसन संपलं म्हंजे धाड येत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये अकाउंटला आहे. म्हणजे कागदावर अकाउंटला, बाकी प्रिंटर अडकला, वायफाय गेलं, शेठचा फोन फोटोंनी भरला की हाक मलाच येते, कारण मी नागपूरला सहा महिने हार्डवेअरचा क्लास केला होता, एवढीच आपली लायकी. आपल्या पेपरात कापसाचा भाव, बोंडअळी, ऑनलाइन नोंदणी यावर रोज काही ना काही येतं, पण कॉम्प्युटरवरच्या लायसनच्या ज्या गोंधळानं आमची ऐन सीझनची एक सकाळ खाल्ली त्यावर कधी एक ओळ वाचली नाही म्हणून लिहून राह्यलो. लांबलं तर कापा.

दिवाळीनंतरची गोष्ट. गेटबाहेर ट्रॉल्या अन मेटाडोरची लाइन लागलेली, अन साडेनऊच्या सुमारास काट्यावरच्या कॉम्प्युटरवर एक चौकट आली, इंग्रजीत, लाल फुलीसकट. लायसन नॉट फाउंड, कॉन्टॅक्ट युवर ॲडमिनिस्ट्रेटर. आमचे काटाबाबू काका साठीच्या घरातले, आयुष्य काट्यावर गेलं, भरली ट्रॉली नुसती पाहून वजन सांगतात अन फरक निघाला तर चाळीस-पन्नास किलोचा. त्यांनी त्या चौकटीतला ओळखीचा एकच शब्द वाचला, लायसन. अन उठून सरळ गेटवर गेले अन सांगून टाकलं की माल घेणं बंद, आपलं लायसन संपलं.

आता आमच्याकडं लायसन म्हणजे काय हो? कृषी केंद्रवाल्याचं बियाण्याचं लायसन, बाजार समितीचं अडत्याचं लायसन, ड्रायव्हरचं लायसन. ते संपलं म्हणजे साहेब येतात, पंचनामा होतो, शटरला सील लागतं. काकांनी जन्मभर जे पाह्यलं त्याच हिशोबानं ते वागले. दहा मिनिटांत लाइनमध्ये बातमी, जिनिंगवर धाड पडली. दोन मेटाडोर वळून दुसऱ्या जिनिंगकडं निघून पण गेले, शेठचा फोन आला, अन मी सरकीच्या ढिगाकडून पळत काट्यावर.

झालं होतं एवढंच की काट्याच्या सॉफ्टवेअरसोबत पेनड्राइव्हसारखा एक तुकडा येतो, डोंगल म्हणतात, तो कॉम्प्युटरच्या मागं खोचलेला असला तरच प्रोग्राम चालतो. रातपाळीच्या पोरानं मोबाइल चार्ज करायला तो काढला, तिथं केबल लावली, अन डोंगल ठेवलं रबरी शिक्क्याच्या डब्यात. मी ते खोचलं, प्रोग्राम बंद करून परत उघडला, काटा सुरू. पण पाऊण तास गेला, दोन गाड्या गेल्या, अन काकांचं तोंड जे उतरलं ते संध्याकाळपर्यंत. चुकी त्यांची नव्हती हे त्यांना पटवायला मला जास्त वेळ लागला.

काका मला विचारतात, "बापू, हा ॲडमिनिस्ट्रेटर कोन्त्या ऑफिसात बसते, यवतमाळले का नागपूरले?" म्हटलं काका, तो मीच. तर हसले, म्हणे मंग तुयं नाव लिहाले काय झालं त्याले.

चहाच्या टपरीवर मग त्यांना समजावलं. ते स्वतः पाच एकर वावर मक्त्यानं करतात. म्हटलं काका, मक्त्यात वावर तुमच्या नावावर होते का? नाही. करायचा हक्क मिळतो, किती एकर, किती साल, कोण कसणार, हे ठरलेलं. सॉफ्टवेअरचं तसंच, पैसे देऊन वापरायचा हक्क घेतो आपण, कोणत्या मशीनवर, किती जणांनी, कुठल्या तारखेपर्यंत. अन ही चौकट म्हणजे मालकाचा माणूस धुऱ्यावर येऊन म्हणते मक्त्याची चिठ्ठी दाखव. चिठ्ठी घरी राह्यली असली तर वावर जात नाही अन पोलीसबी येत नाही, चिठ्ठी आणून दाखवायची. काका दोन मिनिटं गप. मग म्हणे, "म्हंजे ते डोंगल म्हंजे चिठ्ठी. मंग चिठ्ठी अशी मांगं उघडी कायले खोचून ठेवली, कोनीबी काढंल ना."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी ऑफिसात कोणी लायसन म्हटलं की आधी तीनच गोष्टी विचारतो, चिठ्ठी कुठं आहे, मशीन तेच आहे का, अन तारीख किती दिसते. तारखेचं हसू नका. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, तो मेला की लाइट गेल्यावर मशीन तारीख विसरते, अन आमच्याकडं लाइट किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात आमचं एक मशीन उघडलं तर कोपऱ्यात २००९ साल. लायसन तपासणारा प्रोग्राम म्हणते तारखेत गडबड आहे, बँकेची साइट म्हणते कनेक्शन सुरक्षित नाही, अन अकाउंटच्या ताई म्हणतात व्हायरस घुसला, सगळं फॉरमॅट मारा. चाळीस रुपयाचा सेल टाकला, तारीख नीट केली, तिन्ही दुखणी गेली.

अन फॉरमॅट मारा हेच आमच्याकडचं रामबाण औषध आहे, तेच जास्त नडते. टॅली म्हणजे आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन मशीनला बांधलेलं असतं. मशीन बदलायचं किंवा फॉरमॅट मारायचं तर आधी लायसन सरेंडर करा, मग नव्यानं ॲक्टिव्हेट करा. आमच्या इथं दुकानवाल्या पोरानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही, मारला फॉरमॅट. दुसऱ्या दिवशी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडली, त्यात व्हाउचर टाकायला महिन्याची एक, दोन अन एकतीस एवढ्याच तारखा चालतात कारण तो मोड शिकणाऱ्यांसाठी आहे. ताईंना वाटलं सतरा तारखेला काही सण आहे का काय म्हणून घेत नाही! बरं, परत ॲक्टिव्हेट करायला पासवर्ड पाहिजे, तो ज्या ईमेलवर येणार तो ईमेल चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराचा. त्याला फोन लावला तर तो कंपनीच्या मिटिंगमध्ये. चांगला पोरगा, रात्री सगळं करून दिलं, पण त्यानं नंबर बदलला असता तर आम्ही कोणाला हुडकलं असतं? शेठला मी सांगून टाकलं, ईमेल ऑफिसच्या नावाचा करा अन लायसनचा सिरियल नंबर आवक-जावक रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. लिहिला एकदाचा.

ताईंचा अजून एक घोर होता, दरसाल टीएसएस, म्हणजे टॅलीची सर्व्हिस अन अपडेटची वर्गणी, संपलं असा मेसेज येतो अन त्या घाबरून पैसे भरा म्हणून मागं लागतात. इथं मक्त्याचा दाखला चालत नाही, ट्रॅक्टरचा चालतो. ट्रॅक्टर आपलाच आहे, सर्व्हिसिंगचा करार संपला. टॅली चालत राहते, नवीन व्हर्जन अन ऑनलाइन सोयी थांबतात. भरायचे तर भरा, पण रात्रभर जागू नका. ऑफिस ३६५ चं उलटं आहे, ते खरंच मुदतीवर असते, मुदत गेली की वर लाल पट्टी येते अन टायपिंग बंद, पण फाइल उघडते, वाचता येते, प्रिंट निघते. फायली उडाल्या म्हणून रडलेली माणसं मी पाह्यली आहेत म्हणून सांगून राह्यलो. तसंच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा एका दुकानवाल्यानं आमच्या शेजारच्या संस्थेला सांगितलं की लायसन संपलं, मशीन बंद पडेल, नवीन घ्या. सपोर्ट संपणं वेगळं अन लायसन संपणं वेगळं. मशीन चालू आहे, सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं बंद झालं, काळजीचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी बंद पडणारी काळजी नाही.

या न समजण्याचा फायदा घेणारे आहेतच. ब्राउजरमध्ये मोठी खिडकी उघडते, युवर लायसन एक्स्पायर्ड, या नंबरवर फोन करा, अन फोन केला की म्हणतात एनीडेस्क टाका, म्हणजे त्यांना तिकडं बसून आपलं मशीन चालवता येते. मी काट्यावर अन अकाउंटला दोन्हीकडं सांगून ठेवलं आहे, स्क्रीनचा पूर्ण फोटो काढायचा, मला पाठवायचा, नंबर लावायचा नाही, अन पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

आता आपल्या घरचंबी बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सगळं दुसऱ्यावर ढकलते. अर्ध्या तालुक्यातले कॉम्प्युटर पायरेटेड विंडोजवर चालतात, पाचशे रुपयात सगळं टाकून देतो म्हणणारे चौकाचौकात आहेत, अन मीच कधीकाळी दोस्ताच्या मशीनला क्रॅक मारलेला आहे. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३बी आहे, माहीत असून चोरीची कॉपी कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद अन पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापरत नसाल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. म्हणजे काकांची धाडीची भीती अगदीच हवेतली नव्हती, फक्त चुकीच्या चौकटीवर होती. ज्याला नुसती पत्रं अन याद्या टाइप करायच्या त्यानं लिबरऑफिस घ्यावं, फुकट आहे अन चोरीचं नाही.

माझं खरं मागणं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडं आहे. काट्याचं, कृषी केंद्राचं, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आपल्याच विदर्भातली पोरं बनवतात, नागपूर-अमरावतीत बसून, त्यांचे आजोबा काट्यावर उभे राह्यलेले असतील. त्यांना मराठीत एक ओळ लिहायला काय जाते? पण बाप्पा, अनुज्ञप्ती आढळली नाही असं लिहू नका, त्यापेक्षा इंग्रजी परवडली. मागची चावी निघाली आहे, लावा अन प्रोग्राम परत उघडा, एवढं लिहा, खाली फोन नंबर टाका.

तोवर आमच्या काकांनी स्वतःच सोय केली आहे. चहापत्तीच्या खोक्याचं पुठ्ठं कापून त्यांनी सीपीयूच्या मागं सेलोटेपनं चिकटवलं, निळ्या पेनानं लिहिलं आहे: ही चिठ्ठी आहे. काडू नये. मोबाइल चार्जिंग पंख्याच्या बोर्डात.

आपला,
जिनिंगमधला एक ॲडमिनिस्ट्रेटर
ता. राळेगाव, जि. यवतमाळ