ज्याला उलटी होत नाही त्या उंदराबद्दल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातली बातमी होती, केळीच्या बागेत उंदरांनी ड्रिपच्या नळ्या कुरतडल्या, शेतकरी हैराण, औषधाचाही काही उपयोग होईना. बातमी खरी आहे, मी स्वतः अशा नळ्या रोज बघतो, पण ते औषधाचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. माझं चोपड्याकडे कृषी केंद्र आहे आणि त्याआधी बी.एस्सी. झूलॉजी केलेलं आहे, त्यामुळे उंदीर आतून बाहेरून दोन्हीकडून पाहिलाय. औषध काम करतं साहेब, फक्त ते पुरेसं उंदराच्या पोटात जायला पाहिजे, आणि आपण ज्या पद्धतीने टाकतो त्या पद्धतीने ते कधीच जाणार नाही.

दर सीझनला कोणीतरी तावातावाने येतो, "भाऊ, तुन्हं औषध डुप्लिकेट शे, येक बी उंदीर मरना नही." विचारलं काय केलं तर उत्तर ठरलेलं, काळी पावडर नेली, पिठात कालवली, गोळ्या केल्या आणि त्याच संध्याकाळी बिळाबिळाशी ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन गोळ्या कुरतडलेल्या, बाकीच्या जशाच्या तशा, आणि त्यानंतर महिनाभर एकाही गोळीला तोंड नाही. मग औषध डुप्लिकेट, कंपनी चोर, दुकानदार तर चोर आहेच.

आता मुद्द्याचं. उंदराला उलटी होत नाही. म्हणजे करताच येत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथलं दार त्याचं इतकं घट्ट असतं की आतलं उलट वर येत नाही, आणि आपल्या मेंदूत उलटीसाठी पोट, छाती आणि त्यांच्यामधला पडदा सगळे एकदम हलवायची जी जोडणी असते ती त्याच्या मेंदूत नाहीच. माणूस, कुत्रा, मांजर काहीही वाईट खाल्लं तर ओकून मोकळे होतात. उंदराने गिळलं की गिळलं. मळमळलं तर तो फार फार तर माती खातो. आमच्या वेळी कॉलेजात पांढरा उंदीर डिसेक्शनला असायचा, पोट उघडलं की सर पहिलं विचारायचे पित्ताशय दाखव, आणि अर्धा वर्ग यकृत उलटंपालटं करत बसायचा, उंदराला पित्ताशयच नसतं. घरात कपाटामागे फिरतो तो पिटुकला उंदीर वेगळ्या जातीचा, त्याला असतं. असो, विषय भरकटला.

तर ज्याला ओकता येत नाही तो खाताना किती जपून खाईल? नवीन वस्तू दिसली की उंदीर आधी लांब राहतो, मग जवळ जाऊन हुंगतो, मग दाण्याएवढं खातो आणि थांबतो. पोटात काही बिघडलं तर ती चव जवळपास जन्मभर लक्षात ठेवतो. जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1955 मध्ये हे प्रयोग करून दाखवलं, उंदरांना गोड पाणी पाजलं, सोबत त्यांना आजारी पाडणारे किरण दिले, नंतर उंदीर त्या गोड पाण्याला शिवेनात. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की खाणं आणि आजारपण यात काही तास गेले तरी उंदीर बरोबर दोन्हीची सांगड घालतो. आपल्याकडे लोक म्हणतात एक मेलेला बघून बाकीचे हुशार होतात. तसं नाहीये. कॅनडात बेनेट गॅलेफ यांनी यावरच कितीतरी वर्षं काम केलं, उंदीर दुसऱ्याच्या तोंडाच्या वासावरून शिकतो ते हे की याने काय खाल्लं, आणि मग तेच खायला जातो, दुसरा आजारी असला तरी. हुशार होतो तो थोडं खाऊन वाचलेला, आणि अर्धवट डोस देऊन असे वाचलेले उंदीर आपणच शिवारभर तयार करतो.

ती काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. जठरातल्या ॲसिडशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि तो मारतो, काही तासांतच. डबा उघडला की लसणासारखा वास येतो तो ओळखीचा असेल. जलद काम करतं हाच त्याचा गुण आणि हीच गोची, कारण कमी खाल्लेल्या उंदराला लगेच त्रास होतो आणि तो कायमचा सावध होतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसता भरडा, ज्वारीचा किंवा मक्याचा, थोडं गोडंतेल चोळून, औषधाशिवाय ठेवायचा. फुकटची मेजवानी. उंदीर रोज येतो, भीड चेपते, पोटभर खायला लागतो, आणि मग तिसऱ्या चौथ्या दिवशी तोच भरडा, तेच तेल आणि त्यात वजनाने 2 टक्के झिंक फॉस्फाइड. हाताने कालवायचं नाही, काठीने कालवायचं, हातमोजे घालून, याला उतारा नाही, माणसालाही नाही. हे सगळं कृषी विद्यापीठवाले वर्षानुवर्षं सांगतायत पण ते तीन दिवस थांबायला कोणाला वेळ आहे, आमच्याकडे एका गावाने तर मोहीम म्हणून एका दुपारी घरोघर पुड्या वाटल्या, फोटो काढले आणि झाली मोहीम.

आणि टाकायचं कुठे? दिसेल त्या बिळात नाही. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपून टाकायची, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू, बाकीची रिकामी. आपल्या शेतात जास्त करून बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग करणारा उंदीर असतो, घुशीच्याच घराण्यातला पण लहान. खणून बघा, आत दाण्याची कोठारं सापडतात, कणसंच्या कणसं ओढून नेलेली. पंधरा दिवसांनी पुन्हा लिंपायचं, पुन्हा उकरली तर समजायचं वाचलेले उंदीर आहेत, ते आता काळ्या पावडरीला हात लावणार नाहीत. त्यांच्यासाठी ब्रोमॅडिओलोन नावाचं दुसरं औषध. ते व्हिटॅमिन के चं काम अडवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो, पण त्याला काही दिवस लागतात. तोपर्यंत तो निवांत खात राहतो, कशाने होतंय ते त्याला जोडताच येत नाही. हळू मारणारं औषध दिलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडतो, हा माझा अनुभव, पण चालतं तेच.

आता नळ्यांचं. बातमीत लिहिलंय की पाण्यासाठी कुरतडतात. उन्हाळ्यात तेही असतं, नाही असं नाही, पण पावसाळ्यातही नळ्या फुटतात त्याचं काय? उंदराचे पुढचे चार दात मरेपर्यंत वाढत राहतात, वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर. कधी मेलेल्या उंदराचा ओठ काडीने वर करून बघा, दात पांढरे नसतात, नारंगी-पिवळे असतात, पुढच्या बाजूच्या इनॅमलमध्ये लोह असतं म्हणून. इनॅमल फक्त पुढेच, मागची बाजू मऊ, ती आधी झिजते आणि दाताला आपोआप पटाशीसारखी धार राहते. पुढच्या दातांच्या मागे मोठी मोकळी जागा असते, तिथे तो गाल आत ओढून घेतो, म्हणजे प्लास्टिकचा भुगा तोंडात जात नाही, तो बाहेर पडतो. म्हणून फुटलेल्या लॅटरलखाली, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळीखाली, बारीक काळा चुरा दिसतो. दात तो एकमेकांवर घासूनही झिजवतो, नळी नाही मिळाली म्हणून मरणार नाही, पण वाटेत आडवी आलेली कुठलीही गोष्ट दाताने चाचपून बघणं हा त्याचा स्वभाव. मोटरसायकलची वायर, घरातला पाण्याचा पाइप, शिशाची नळीसुद्धा सोडत नाही. आणि दरवेळी उंदीरच असतो असंही नाही, दिवसाउजेडी नळ्या फोडणारी खार असते, तिचं बिल उंदराच्या नावावर फाडू नका.

घरात पिंजरा लावणाऱ्यांसाठी एकच सांगतो. उंदराची नजर कमजोर, लाल रंग त्याला नीट दिसत नाही, तो चालतो मिशांवर, भिंतीला मिशा टेकवून कडेकडेने. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्यात तो कशाला जाईल. आणि ऑनलाइन ते आवाजाचं मशीन मिळतं, उंदीर पळवणारं, त्याबद्दलही विचारतात. उंदराला आपल्यापेक्षा खूप वरचा आवाज ऐकू येतो हे खरं, धोका वाटला की तो स्वतःही 22 किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो जे आपल्याला कळतही नाही, पण तसला आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि चार दिवसांत उंदराला त्याची सवय होते. मी ते दुकानात ठेवत नाही.

एक हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, एका जोडीपासून वर्षात हजारो उंदीर. कागदावर बरोबर आहे, मादी 21-22 दिवसांत विते आणि व्यायल्यावर दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. पण तेवढी पिल्लं जगली असती तर खानदेशात माणसाला पाय ठेवायला जागा उरली नसती. शेतातले बहुतेक उंदीर वर्षही काढत नाहीत. खरा प्रश्न रिकाम्या जागेचा आहे, तुम्ही तुमचं शेत साफ केलं की शेजारच्या बांधावरचे तिथे राहायला येतात. म्हणून हे काम सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात केलं पाहिजे, तेही मे महिन्यात, मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला होणाऱ्या केळीच्या लागवडीच्या आधी, जेव्हा शेतात खायला कमी आणि उंदीरही कमी असतात. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, उभी राहिल्यावर, खाली वाळलेल्या पानांचा थर साचल्यावर बिळं शोधत फिरणं म्हणजे नुसता घाम.

धामण दिसली की ठेचायची आणि गव्हाणी घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारायचा, हे थांबलं तर निम्मं काम फुकटात होईल, ही दोघं जास्त करून उंदरांवर जगतात. औषधाने मेलेले उंदीर म्हणूनच उचलून खोल पुरायचे, उघड्यावर पडले तर घुबडही जातं आणि गावातलं कुत्रंही. आणि पावसात उघड्या पायाने बागेत शिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू उंदराच्या किडनीत मुक्काम करतात आणि लघवीवाटे साचलेल्या पाण्यात येतात, पायाला चीर असली की तिथून आत. ताप आला तर डॉक्टरला शेतात गेलो होतो हे आधी सांगा.

तुमच्याकडे एवढीच विनंती, पुढच्या मे महिन्यात पेरणीच्या बातम्या सुरू व्हायच्या आधी पहिल्या पानावर एक चौकट छापा, बिळं लिंपा, तीन दिवस नुसता भरडा, मग औषध, आणि तारीख शिवाराने मिळून ठरवा. नळ्या फुटल्याची बातमी नंतरही छापता येईल.

आपला,
एक कृषी केंद्रवाला वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव