शुक्रवार आला की बॅग भरणारी पोरं

संपादक साहेब, नमस्कार.

सीईटीचा निकाल लागला की नागपुरात दरवर्षी तेच सुरू होते. कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्यांच्या याद्या, कट-ऑफचे स्क्रीनशॉट आणि ज्या पोरीचं नाव तालुक्याच्या कॉलेजात लागलं तिच्या घरी मावशी-काकूंचे फोन, "बापरे, तिथे कशी राहीन ती?" आमच्याकडेही आले होते. मी त्रिमूर्ती नगरात वाढलेली, बीएस्सी अ‍ॅग्री करायचं होतं, महाराजबागेजवळचं 1906 सालचं कृषी महाविद्यालय मार्कांत बसलं नाही आणि नंबर लागला भंडारा जिल्ह्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजात. आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदाच्या याद्या लागून राहिल्या म्हणून लिहिते.

लोकांना वाटते मॉल नाही, पिझ्झा घरपोच येत नाही, हीच अडचण. त्याची सवय महिन्याभरात होते. जड जाते ते दुसरंच. सीताबर्डीवर दिवसभर फिरा, कोणी ओळखत नाही. इथे झेरॉक्सवाले काका विचारतात काल प्रॅक्टिकलला का नाही गेली, मला ताप आला की मेसच्या काकूंना माझ्या आईच्या आधी कळते, आणि बसस्टँडवर कोणत्या मुलाशी बोलली हे संध्याकाळपर्यंत वॉर्डन मॅडमकडे पोचलेलं असते. पहिल्या सेमिस्टरला याचा जाम राग यायचा. शेवटच्या गोष्टीचा अजूनही येतो आणि तो यायलाच पाहिजे.

पण वर्ग लहान असला की सर रोल नंबरने नाही, नावाने बोलावतात. धानाच्या बांधीत रोवणीला उतरलो तेव्हा माझे हातच चालत नव्हते, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या धान आहे त्या पोरी आधी पोटभर हसल्या आणि मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसवून शिकवलं. आमच्या घरी वर्षानुवर्षं एचएमटी तांदूळच शिजतो, पण तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या दीड एकरात लोंब्या निवडून निवडून काढला आणि तेव्हाच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं, हे मला रूममेटने सांगितलं. आमच्या अख्ख्या अपार्टमेंटला फक्त कट्ट्याचा भाव माहीत.

हे सगळं मिळालं कारण मी शनिवार-रविवार तिथेच राहायची. बॅचमधली नागपूरची बहुतेक पोरं शुक्रवारी दुपारपासूनच बॅग भरून तयार. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं, पण आता आयांना कारणच मिळालं, "तिकीट तर अर्धंच आहे, ये ना". पोरी सोमवारी दुपारी उगवतात, झोपेतच, डब्यात चिवडा, आणि तीन वर्षं झाली तरी जीव धरमपेठेतच अडकलेला. वरून म्हणतात इथे काहीच नसते.

काहीच नसते कसं? दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाटक कंपन्या येतात आणि कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत नाटक चालते, लोकं चादरी पांघरून बसलेले, लहान लेकरं मांडीवर झोपलेली. 2023 मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. नागपुरात तिकीट काढून नाटकाला जाणारी आमच्या वयाची किती पोरं आहेत बाप्पा?

आता गंमत अशी की कॉलेजवाल्यांनाही या पळापळीची सवय झाली. शनिवारी दुपारनंतर लायब्ररीला कुलूप, रविवारी रात्री मेस बंद, विचारलं तर म्हणतात पोरं तर घरी जातात ना. मग जे थांबतात ते बिस्किटावर रात्र काढतात आणि पुढच्या आठवड्यात तेही बॅग भरतात, की कॉलेजवाले पुन्हा सांगायला मोकळे, बघा कोणीच थांबत नाही.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे की दिवाळीपर्यंत तरी पोरांना दर आठवड्याला बोलावू नका. रॅगिंग होत असेल, जेवण-झोप उडाली असेल तर त्याच दिवशी जाऊन घेऊन या, ती गोष्ट वेगळी. आणि अ‍ॅडमिशनला गेल्यावर नुसतं प्लेसमेंट आणि बिल्डिंग बघून येऊ नका, रविवारी रात्री पोरांना जेवायला काय मिळते, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, वॉर्डन होस्टेलातच राहते का, हे तोंडावर विचारा. दहा पालकांनी विचारलं तर मेस चालू होते, आमच्यासारख्या पोरींनी अर्ज देऊन होत नाही, देऊन पाहिला.

तुमच्या पेपरात या दिवसांत कट-ऑफचे मोठमोठे तक्ते येतात. त्यातच एक रकाना वाढवून विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांच्या होस्टेल, मेस आणि लायब्ररीच्या वेळा छापता आल्या तर बघा.

– एक विद्यार्थिनी, त्रिमूर्ती नगर, नागपूर