फिजिओथेरपी निवडण्याआधी आठ दिवस कोपऱ्यात बसून बघा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या करिअरविषयक पानावर फिजिओथेरपीबद्दल आलेला मजकूर वाचला. अभ्यासक्रम काय असतो, संधी कुठे आहेत, मागणी कशी वाढते आहे, हे सगळं त्यात आहे आणि त्यात चूक काही नाही. पण या कामातला दिवस कसा जातो, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मी गेली २२ वर्षं हे काम करते. दरवर्षी कोणी ना कोणी आईवडील मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, ‘हिला जमेल का हो?’ म्हणून हे पत्र.

मुलांना मी विचारते, हेच का करायचंय? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: ‘मला लोकांना मदत करायला आवडतं.’ ते मनापासून बोलतात, पण त्यावरून मला काही ठरवता येत नाही. आमच्याकडे मदत करणं म्हणजे बऱ्याचदा असं असतं, की समोरचा माणूस खुर्चीतून उठायला धडपडतोय, आपले हात त्याच्यापासून वीतभर लांब आहेत आणि ते लावायचे नाहीत. तो पडणार नाही एवढं बघायचं. उठायचं त्याचं त्यानं. ज्याला चटकन हात दिल्याशिवाय राहवत नाही, त्याला हे शिकताना फार त्रास होतो. मलाही झाला.

दुसरी गोष्ट चिकाटीची. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी माझ्याकडे येत होत्या. रोज गुडघा किती वाकतो ते मोजायचं. गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं, दोन पट्ट्या खिळ्याने जोडलेलं साधन. त्याचा मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या उंचवट्यावर ठेवायचा, एक पट्टी मांडीच्या रेषेत खुब्याकडे, दुसरी पोटरीच्या रेषेत घोट्याकडे. एके दिवशी ७२ अंश, दुसऱ्या दिवशी ७५. एवढा फरक हात जरा इकडेतिकडे झाला तरी दिसू शकतो, म्हणून पुन्हा मोजायचं. जिना नीट चढायला-उतरायला साधारण ९० अंश लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त. तिथवर अशा दोन-दोन, तीन-तीन अंशांनीच जायचं असतं, आणि मधे एखादा दिवस असा येतो की आकडा मागे जातो. आजी रडतात, घरचे आपल्याकडे संशयाने बघतात, आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी तोच व्यायाम त्याच उत्साहाने घ्यायचा असतो.

स्नायूच्या ताकदीला आम्ही ० ते ५ असे गुण देतो. ० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे सांधा हलत नाही, पण स्नायूवर बोट ठेवलं तर खाली किंचित फुरफुर जाणवते. ३ म्हणजे स्वतःचं वजन पेलून अवयव वर उचलता येतो, ५ म्हणजे पूर्ण ताकद. अर्धांगवायू झालेल्या एका गृहस्थांचं उजवं मनगट सहा आठवडे शून्यावर होतं. रोज त्यांच्या कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून मी म्हणायची, ‘काका, पंजा वर करा.’ एका सकाळी बोटांखाली काहीतरी सरकलं. काकूंना काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी काकांच्या डाव्या हाताची बोटं तिथे नेऊन ठेवली आणि म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी केलं, आणि मग कितीतरी वेळ त्यांनी बोटं तिथून काढलीच नाहीत.

तो हात पुढे ३ पर्यंत आला. पेन धरून सही करणं जमलं नाही. हेही मुलांना सांगायला हवं, कारण जाहिरातींमध्ये फक्त धावू लागलेले खेळाडू दिसतात. खेळाडूही येतात, पण आमच्या कामात न्यूमोनियाने बेजार झालेल्या पेशंटच्या छातीतला कफ सुटा करणं असतं, आणि जन्मापासून हातपाय ताठ असलेल्या बाळाबरोबर जमिनीवर बसून वर्षानुवर्षं खेळणंही असतं. कफ, घाम, लघवीचा वास, वेदनेने आलेला राग, सगळं रोजचं आहे. परक्या माणसाच्या शरीराला हात लावायचा असतो, त्याला विचारून, त्याची लाज सांभाळून.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहिते. खांदा आखडलेल्या एक बाई येत होत्या. दुखण्याचा पहिला टप्पा चालू होता. त्या टप्प्यात सांधा आतून चिडलेला असतो, जोर लावला तर दुखणं वाढतं. हे दुखणं बरं व्हायला एकदोन वर्षंही लागू शकतात. मला हे सगळं माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मला लवकर फरक दाखवायचा होता. मी हात रेटला. त्या ओरडल्या नाहीत, फक्त डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, पुढेही कधी आल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून खूप हुशार पण उतावळ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. हाडं-स्नायूंची नावं पाठ होतात. कातडीखालचं दुखणं हाताला कळायला वेळ द्यावा लागतो.

बोलण्याचं कामही फार मोठं आहे. पेशंट येतात ते ‘मशीन लावा’ म्हणत. मशीनने थोडं बरं वाटतं, पण पाय चालू लागतो तो व्यायामाने, आणि व्यायाम घरी करायचा असतो. ‘केला का?’ विचारलं की मान खाली जाते. न रागावता, न कंटाळता तेच पुन्हा समजावायचं. कोणी मालिशवाली म्हणतं. पूर्वी मला वाईट वाटायचं. मग कधीतरी वाचलं, की १८९४ साली इंग्लंडमध्ये चार नर्सनी आपल्या पेशाचं नाव राखण्यासाठी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली आणि तीच पुढे तिथल्या फिजिओथेरपिस्टांची संस्था झाली. तेव्हापासून तो शब्द मला बोचत नाही.

स्वतःचं शरीरही बघावं. दिवसभर उभं राहायचं, आपल्याहून जड माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा आता रात्री ठणकतो. माझ्याबरोबरच्या दोघींनी पाठीमुळे काम सोडलं. पाठ मुळात नाजूक असेल तर हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून नाइलाजाने इकडे येऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मनातली ती खंत पेशंटला पहिल्या आठवड्यात कळते.

मग ठरवायचं कसं? मी मुलांना सांगते, अर्ज भरण्याआधी एखाद्या फिजिओथेरपिस्टची आणि पेशंटची परवानगी घेऊन आठ दिवस कोपऱ्यात बसा. मोबाइल बाहेर ठेवा. पहिल्या दिवशी सगळंच नवं वाटतं, त्यावर जाऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवशी, तोच पेशंट, तोच व्यायाम, तेच दहा वेळा मोजणं चालू असताना आपलं लक्ष कुठे असतं ते बघा.

असा एक मुलगा बसला होता. चौथ्या दिवशी त्याने सरळ सांगितलं, ‘मॅडम, मला हे नाही जमणार.’ मी त्याच्या वडिलांना म्हटलं, त्याला रागावू नका. आणि एक मुलगी होती, पाच दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. त्या गुडघ्याच्या आजी आत आल्या, मी गोनिओमीटर हातात घेतला, तेव्हा कोपऱ्यातून हळूच आवाज आला, ‘त्यांचं काल ७५ होतं ना?’

आपल्या पानावर पुढच्या वेळी या आठ दिवसांबद्दल दोन ओळी जरूर छापाव्यात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
(नाव छापू नये ही विनंती)