मिरी, तिची बास्केट आणि पुढची लस

इंदूर, ३ सप्टेंबर

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

बाकीचं पत्र सावकाश वाच, आधी एवढं कर. परवा मिरीला, म्हणजे तुझ्या मांजरीच्या पिल्लाला, पहिल्या लसीसाठी न्यायला कपाटाखालून ओढताना तिने मनगट ओरबाडलं आणि तू त्यावर हळद दाबलीस, असं लिहिलंयस. रस्त्यावरून आणलेलं, रेबीजची लस न झालेलं पिल्लू ओरबाडतं किंवा चावतं, तेव्हा जखम साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना काही लावायचं नाही. उशीर झाला असला तरी आज धू आणि एस.एस.जी. या तिथल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन दाखव. सरकारी दवाखान्यात कातडीतली लस ० (पहिल्या सुईचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन) लागतं, म्हणून रक्त आलं होतं की नाही हे खरं सांग. एकही तारीख चुकवू नकोस.

आता मिरीकडे वळू. डॉक्टर म्हणाले, 'किती शांत आहे', आणि तुला बरं वाटलं. ती शांत नव्हती रे. पळायला वाट नसली की मांजर गोठतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, कान आडवे, शेपूट पोटाशी, आणि स्टीलच्या टेबलावर पंजांचे ओले ठसे, कारण मांजराला घाम येतो तो तळव्यांना. अशा गोठलेल्या पिल्लाला दोन-तीनदा तसंच दाबून धरलं, की पुढच्या खेपेला ते चावतं आणि मग दवाखान्यातले लोक म्हणतात, मांजर बिघडलं. भीतीने तपासणीही चुकते. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण ३८.१ ते ३९.२ सेल्सिअस असतं. झटापट झाली की ते वर चढतं, नाडी पळते, रक्तातली साखरही वाढते. मग ताप आहे असं समजून लस पुढे ढकलली जाते आणि हीच वरात पुन्हा काढावी लागते.

तू सुईला दोष देतोयस. सुई सगळ्यात शेवटी येते आणि तिचा त्रास सगळ्यात कमी. मिरीच्या डोक्यातला क्रम असा आहे: माळ्यावरून पिशवी निघाली, सौरभ मागे धावला, अंधारातून ओढलं, पिशवी हिंदकळली, रिक्षा खडखडली, कुत्रं भुंकलं. टेबलावर पोचेपर्यंत ती अर्धी संपलेली असते. यातलं पहिलं निम्मं तुझ्या खोलीत घडतं आणि ते तुझ्या हातात आहे. दुसरी लस साधारण तीन आठवड्यांनी, म्हणजे २२ सप्टेंबरच्या पुढे, तेव्हा वेळ पुरेसा आहे. २०१८ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी काही मांजरांना आधी काही आठवडे ने-आण करायच्या बास्केटची सवय लावली, काहींना लावली नाही. सवय लावलेली मांजरं गाडीत कमी घाबरली आणि दवाखान्यात त्यांची तपासणीही लवकर उरकली.

ती पाठीवरची, पुढे गोल पारदर्शक घुमट असलेली पिशवी कुणाला तरी देऊन टाक. फोटोत छान दिसते, पण तिच्यात मांजराला लपायला जागा नाही, चालताना ती डुलते आणि बडोद्याच्या उन्हात आतून तापते. कडक प्लॅस्टिकची, दोन अर्ध्या भागांची बास्केट घे. वरचा भाग क्लिपा काढून वेगळा व्हायला हवा, आणि वरूनही दार असेल तर फारच चांगलं. माप मोठ्या मांजराच्या हिशेबाने बघ, सुमारे ५० सेंमी लांब, ३० रुंद, ३० उंच. दुकानातच क्लिपा चारदा उघडबंद करून पाहा आणि दाराची सळई हलवून बघ. स्वस्तातल्या बास्केटची सळई निसटते आणि भर रस्त्यात दार उघडतं. दांडीवर भरवसा नको, खालून हात द्यायचा. आणि एकट्याने स्कूटरवर मुळीच नाही.

पहिले चार-पाच दिवस फक्त खालचा अर्धा भाग ठेव, ती आत्ता जिथे झोपते त्याच कोपऱ्यात. आत तुझा अंगातला, न धुतलेला टी-शर्ट. तिने शू केलेला टॉवेल परत वापरू नकोस, आणि तिच्या जागा फिनेलने पुसू नकोस. फिनेल मांजराला विषारी असतं. तिची बशी आधी बास्केटपासून हातभर अंतरावर, मग काठाशी, मग आत, मग अगदी मागे. मागचे पाय बाहेरच ठेवून ती नुसती मान लांबवत असेल, तर तू एक पायरी घाईने चढलास. बशी पुन्हा मागे घे. स्वतःहून आत झोपायला लागली की वरचा भाग बसव, दार नको. मग दार बसव, पण उघडंच ठेव. मग २ सेकंद बंद, ५, १०, ३०. ती ओरडायच्या आत उघडायचं. ओरडल्यावर उघडावं लागलं तर पुढच्या वेळी वेळ निम्मी कर. त्यानंतर बास्केट दोन बोटं उंच उचलून खाली ठेव, मग खोलीत चार पावलं, मग जिना उतरून फाटकापर्यंत, मग उभ्या रिक्षेत पाच मिनिटं, मग सोसायटीला एक फेरी. रिक्षावाला हसेल, हसू दे, त्याला दहा-वीस रुपये दे. एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, दिवसातून दोनदा आणि जेवणाच्या आधी, म्हणजे भूक आपल्या बाजूने असते.

बक्षीस रोजच्या दाण्याचं नको. उकडलेल्या कोंबडीचे बारीक धागे, मीठ-कांदा-लसूण काही न घालता. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक. घरमालकांना घरात कोंबडी शिजलेली चालणार नसेल तर चाटायच्या पातळ खाऊच्या पुड्या मिळतात, त्या आण. बोटावर घेऊन चाटवता येतात आणि सुईच्या वेळी तेच हवं असतं. दूध देऊ नकोस, जुलाब होतील. हा खास खाऊ फक्त बास्केटमध्ये आणि दवाखान्यात. एरवी लाडाने दिलास तर त्याची किंमत जाईल, आणि तू देशील हे मला ठाऊक आहे.

रोज झोपेला आलेली असताना तिला हात लावायची सवय कर. कान उलटून बघ, २ सेकंद, खाऊ. ओठ वर करून हिरड्या बघ, खाऊ. पंजा दाबून नख बाहेर काढ, खाऊ. शेपटीच्या बुडाशी हात ठेव, खाऊ. तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधतात तसं टॉवेलात गुंडाळ. आधी नुसतं अंगावरून टाक, मग एक कड, मग दुसरी. हे जमलं की वॉशिंग मशिनवर न घसरणारी रबरी चटई टाकून तिथे कर. दवाखान्याचं टेबल गार आणि गुळगुळीत असतं, पाय सरकले की मांजर घाबरतं. तीच चटई सोबत न्यायची.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर. या वयात आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम वाढायला हवं. एक आठवडा काटा हलला नाही तर सवयीचा कार्यक्रम राहू दे, आधी डॉक्टरांना दाखव.

वेळ घेताना फोनवर स्पष्ट सांग की पिल्लू घाबरट आहे, सकाळची अगदी पहिली वेळ द्या. संध्याकाळी कुत्री असतात आणि रावपुरा-मांडवीच्या गर्दीत रिक्षा अर्धा तास हॉर्न ऐकत उभी राहते. शक्य असेल तर लसीच्या आधी एकदा नुसतं वजन करायला नेऊन आण. टोचणं नाही, तपासणं नाही. खाऊ खायचा आणि घरी. बहुतेक दवाखाने याला नाही म्हणत नाहीत.

बरोबर न्यायच्या गोष्टी फार नाहीत: चटई, दोन टॉवेल (एक शूसाठी राखीव), खाऊ, लसीचं कार्ड. मांजराच्या गालांतल्या ग्रंथींच्या वासाची नक्कल करणारा फवारा मिळतो, फेलिवे नावाचा. घेतलास तर टॉवेलावर मारून १५ मिनिटं थांब, आतला अल्कोहोल उडू दे, मग मिरीला बसव. महाग आहे. माझ्या मते तुझ्या टी-शर्टाने बरंच काम भागेल.

लसीच्या दिवशी तिला उपाशी ठेवू नकोस. पोट गच्च नको म्हणून जेवण दोन-तीन तास आधी, नेहमीपेक्षा थोडं कमी. एवढ्याशा पिल्लाची साखर जास्त उपासाने झपकन उतरते. सकाळी उठल्याबरोबर कपाटाखालची आणि मशिनमागची जागा उशा लावून बुजव, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत घाईघाईने करू नकोस. ती आत गेली नाही, तर टॉवेलात गुंडाळ, बास्केट दार वर येईल अशी उभी कर आणि मागच्या पायांकडून अलगद आत सोड. तोंडाकडून ढकलायला गेलास तर चारही पंजे चौकटीत अडकवते. रिक्षेत बास्केट मांडीवर किंवा पायांत घट्ट धर, तीन बाजूंनी झाकलेली.

दवाखान्यात बास्केट जमिनीवर ठेवू नकोस, खुर्चीवर ठेव आणि तोंड भिंतीकडे. कुत्री बसलेली असतील तर नाव नोंदवून बाहेर थांब. आत गेल्यावर डॉक्टरांना अदबीने विचार, 'वरचा भाग काढून तिला खालच्या भागातच तपासता येईल का?' वजनही बास्केटसकट करायचं, रिकाम्या बास्केटचं वजा करायचं. मानेची कातडी पकडून उचलू देऊ नकोस. २०२२ साली मांजरांच्या पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही ती पद्धत टाळायला सांगितली आहे. 'आई मांजर तसंच उचलते' हे उत्तर मिळेल. पण आई काही आठवड्यांच्या पिल्लाला उचलते, ती त्याला दाबून टोचत नाही. वाद घालू नकोस, टॉवेल पुढे कर. तापमान शेवटी घ्यायला सांग, आणि सुई टोचताना तिच्या तोंडासमोर खाऊ धर.

लसींचा हिशेब कार्डावर लिहून ठेव. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) दर ३ ते ४ आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. त्याआधी आईकडून आलेली प्रतिद्रव्यं लसीचा उपयोग मारू शकतात, म्हणून आधीचे कितीही झाले तरी तो लागतोच. रेबीजची १२ आठवड्यांनंतर, म्हणजे दुसऱ्या ट्रायकॅटबरोबर होते का विचार, एक फेरी वाचेल. तिसरा डोस ऑक्टोबरच्या मध्यावर येतो आणि तेव्हा तुमच्याकडे गरबा. रात्री दोनपर्यंत स्पीकर ऐकलेल्या मांजराला सकाळी नेऊ नकोस. दोन-चार दिवस पुढे गेले तरी चालतं. नसबंदी पाच महिन्यांच्या सुमारास, फटाके संपल्यावर.

इतकं करूनही ती थरथरलीच, तर डॉक्टरांना गॅबापेंटिन या भीती कमी करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाबद्दल विचार. निघायच्या साधारण दोन तास आधी देतात, पण तिच्या वयाला द्यायचं की नाही आणि किती, हे तेच ठरवतील. दिलंच तर एकदा घरी रिकाम्या दिवशी देऊन बघ. काही तास झोकांड्या खाते, तेव्हा उंचावर चढू देऊ नकोस. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं. पिसवांसाठी कुत्र्याचे मानेवरचे थेंबही नाहीत. त्यांतल्या काहींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात.

टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्याच्या आसपासच थांब. घरी दार उघडून बास्केट ठेव आणि तू तुझ्या कामाला लाग. हाक मारू नकोस, बाहेर ओढू नकोस. एक-दोन दिवस सुस्ती, टोचल्या जागी लहान गाठ, हे चालतं. तोंड सुजलं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, किंवा तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली तर लगेच परत ने. संध्याकाळची शेवटची वेळ घेऊ नकोस ती यासाठीही.

शनिवारी रात्रीच्या बसने मामा बडोद्याला येतोय. त्याच्याबरोबर माझ्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे पाठवते, बास्केट झाकायला. आल्यावर धुऊ नकोस, आधी दोन रात्री तुझ्या उशीखाली ठेव. आणि मनगट दाखवून आलास की रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझी,
आई