बाई, ती पेन्सिल अजून पुसली गेलेली नाही

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

वर तुमचं नाव घातलं असतं तर चष्मा कपाळावर सारून "हें कित्याक गो?" म्हणाला असतात, म्हणून घातलं नाही. गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यातल्या ज्या पोरांनी तुमच्या कथास्पर्धेला कधी कागद दिले, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते कळेलच.

मी नववीत होते. नियम वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेले: हजार शब्द, फुलस्केपच्या एकाच बाजूला, कथेवर नाव नको, नाव वेगळ्या बंद पाकिटात. मी दादरच्या चाळीतल्या एका बेकार तरुणाची गोष्ट लिहिली. तोवर वाळपईहून कदंबाच्या बसने मी फार तर पणजीपर्यंत गेले होते. पण हाती पडणाऱ्या कथा सगळ्या तिकडच्याच. कथा म्हणजे चाळ, लोकल आणि समुद्राकडे बघत बसलेला नायक, अशी माझी पक्की समजूत. (समुद्र गोव्यातही आहे, पण आमच्या डोंगराकडचं कोण तिथे उसासे टाकायला जातंय!)

नंबर आला नाही. पंधरा दिवसांनी निरोप आला, कथा घेऊन जा. परत काय मिळणार, असं मनात म्हणतच आले. तुम्ही दोन प्रती हातात दिल्यात. मूळ प्रत जशीच्या तशी, आणि तिची तुमच्या खर्चाने काढलेली झेरॉक्स. पेन्सिल चालली होती ती झेरॉक्सवर. "तुझ्या अक्षरावर मी कशाला रेघोट्या मारू?" म्हणालात. समासात शेरे नव्हतेच, नुसते प्रश्न. जिन्याला पायऱ्या किती? याची आई सकाळी काय रांधते? लोकल थांबली तेव्हा वास कसला आला? मला एकाचंही उत्तर देता येईना. अगदी तळाला होतं, "तुमच्याकडे चवथीला माटोळी कोण बांधतं?"

आमचे आजोबा बांधायचे. गणपतीवरच्या त्या लाकडी चौकटीला काय काय लटकवायचं, त्याची यादी त्यांच्या डोक्यात होती: कवंडळं, कांगलां, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे कातरे, नारळाची पेंड. कुठल्या ओहोळाच्या काठी काय मिळतं हेही त्यांनाच ठाऊक. पुढच्या वर्षी मी तेच लिहिलं: गुडघे धरलेले आजोबा रानात जाऊ शकत नाहीत आणि नातीला खुणा सांगून पाठवतात. लिहिताना वाटत होतं, यात कथा कसली, हे तर घरचंच आहे.

खरी अडचण संवादांची होती. आजोबा घरात कोंकणीच बोलणार. त्याआधी दुसऱ्या एका स्पर्धेत आजीच्या तोंडचं एक वाक्य तांबड्या शाईने खोडून वर 'अशुद्ध' असं लिहून आलं होतं. प्रमाणपत्रावर माझं नावही चुकलं होतं, ते मात्र कुणी खोडलं नाही. म्हणून भीतभीत आजोबांना मी पुस्तकी मराठी बोलायला लावलं. तुम्ही समासात लिहिलंत, "हे पणजीला नोकरीला होते का?" मी खूप हसले. मग सगळे संवाद बदलले. निवेदन मराठीत, आजोबा त्यांच्या भाषेत. आपल्याकडे भाषेवरून किती वर्षं भांडणं झाली, तुम्ही पाहिलेली आहेत. माझ्यापुरता तो प्रश्न तुमच्या एका ओळीने सुटला. तेव्हा उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर मला तुमच्याकडे कधीच मिळाला नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

एकदा तुम्ही आम्हां पाचसहाजणांना पणजीला पाट्ट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेलंत. ज्या कृष्णदास शामाचं नाव त्या इमारतीला आहे, तो इथलाच, केळशीचा, आणि त्याने 1526 मध्ये कृष्णाची कथा लिहायला घेतली, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. त्या शतकातल्या आपल्याकडच्या मराठी-कोंकणी कथा पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात रोमी लिपीत उतरवलेल्या मिळाल्या, हेही. मला एकदम तुमचं झेरॉक्सचं बिल आठवलं. तुम्हाला बोलले नाही, वेड्यात काढलं असतंत.

आता कामाचं. यंदा एका शाळेने मला परीक्षक केलंय. टेबलावर चौदा कथांच्या झेरॉक्स आहेत, पेन्सिल तासून ठेवलीय. तेरा झाल्या. चौदावी अडलीय. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही, वाक्यं गुळगुळीत, आणि पूर्ण गोष्टीत एका झाडाचं नाव नाही. पोराने मोबाइलकडून लिहून घेतली असावी असा संशय आहे. बाद करणं सोपं आहे, पण मग मीही दादर लिहिलंच होतं की! समासात पहिला प्रश्न काय घालू, सुचत नाही.

रविवारी कागद घेऊन तुमच्याकडे येते. येताना कवंडळं मिळाली तर आणीन. आजोबांची ओहोळाकाठची जागा अजून आहे.

तुमची,
उत्तेजनार्थ